माग आणि मजकूर : बेदुइन काव्याच्या वाचनाचा प्रश्न

१

अरबी भाषेत कवितेच्या एका पूर्ण ओळीस 'बैत' म्हणतात, आणि 'बैत' हाच शब्द राहत्या तंबूसाठीही वापरला जातो. आठव्या शतकात बसरा येथे अल्-खलील इब्न अहमद याने अरबी छंदःशास्त्राची मांडणी केली. तीत गणांचे जे लहान घटक कल्पिले आहेत त्यांपैकी एकाचे नाव 'सबब' आणि दुसऱ्याचे 'वतद'. सबब म्हणजे दोर, वतद म्हणजे जमिनीत ठोकलेली खुंटी. गजबजलेल्या नगरात बसून एका पंडिताने कवितेचे शास्त्र रचले आणि त्यासाठी परिभाषा आणली ती उंट-मेंढ्यांमागे फिरणाऱ्या बेदुइनांच्या बिऱ्हाडातून. अरबी वाङ्मयविचारात बेदुइनांचे स्थान कोणते, याचे उत्तर या नामकरणात बऱ्याच अंशी सामावलेले आहे. सामग्री त्यांची, शास्त्र इतरांचे.

'बदवी' हा शब्द 'बादिया' म्हणजे मोकळा, ओसाड मुलूख यावरून आला. त्याच्या विरोधात 'हदर' म्हणजे स्थिर वस्तीचे लोक. दुसरी जुनी जोडी 'अहल् अल्-वबर' आणि 'अहल् अल्-मदर' अशी आहे : केसांच्या तंबूत राहणारे आणि मातीच्या घरात राहणारे. या दोन्ही जोड्या मातीच्या घरातून पाहिलेल्या आहेत. बेदुइन स्वतःला अनेकदा नुसते 'अरब' म्हणवतात. त्यांना 'बेदुइन' म्हणून वेगळे काढण्याची गरज प्रामुख्याने स्थिर वस्तीच्या संस्कृतीला भासली, आणि ही गरज जशी बदलत गेली तसा 'बेदुइन' या संज्ञेचा आशयही बदलत गेला.

बेदुइन काव्याची समीक्षा हा म्हणूनच केवळ एका साहित्यप्रकाराच्या आस्वादाचा विषय राहत नाही. ज्यांची कविता प्रमाण म्हणून उद्धृत केली गेली, पुरावा म्हणून तपासली गेली आणि वारसा म्हणून जतन केली गेली, त्यांना कवी म्हणून कधी वाचले गेले काय, हा त्यातील मूळ प्रश्न आहे.

२

आठव्या-नवव्या शतकांत बसरा आणि कूफा येथील व्याकरणकारांपुढे एक निकडीची समस्या होती. इस्लामच्या प्रसाराबरोबर अरबी ही अनेक वंशांच्या लोकांची भाषा होत चालली होती. धर्मग्रंथाचा अर्थ निश्चित करावयाचा तर शब्दांचे मूळ आणि शुद्ध प्रयोग निश्चित करणे आवश्यक होते. यासाठी पंडित वाळवंटाकडे वळले. अबू अम्र इब्न अल्-अला, अल्-अस्मई यांसारख्यांनी बेदुइनांकडून शब्द, म्हणी, कविता गोळा केल्या. बसऱ्याच्या वेशीवरील मिर्बद नावाच्या बाजारात येणारे बेदुइन हे या विद्येचे चालतेबोलते कोश ठरले.

या व्यवहारात बेदुइनाला मोठा मान होता. परंतु तो मान सशर्त होता. बेदुइनाने शहरापासून दूर राहावे, त्याची भाषा बदलू नये, त्याने इतरांत मिसळू नये, तरच त्याचे बोलणे ग्राह्य. १००२ साली निधन पावलेल्या इब्न जिन्नी या भाषापंडिताने आपल्या ग्रंथात मातीच्या घरात राहणाऱ्यांकडून भाषा का घेऊ नये याची चर्चा केली आहे. त्याच प्रकरणात तो पुढे म्हणतो की, तंबूत राहणाऱ्यांच्या भाषेतही तसाच बिघाड झाला तर तीही सोडून द्यावी लागेल, आणि आपल्या काळी ती वेळ आलेली आहे. अधिकार देणारा आणि तो काढून घेणारा एकच आहे, ही गोष्ट येथे उघड होते. बेदुइन कशाचा साक्षी आहे हे पंडित ठरवतो. बेदुइनाने काय म्हटले आहे, हा प्रश्न त्यात गौण ठरतो.

अदोनिस या कवी-समीक्षकाने १९८४ साली पॅरिस येथे दिलेल्या व्याख्यानांत या घडामोडीचा वाङ्मयीन परिणाम दाखवून दिला आहे. इस्लामपूर्व कविता ही उच्चारली आणि ऐकली जाणारी कविता होती. पुढील समीक्षकांनी त्या मौखिक कवितेचे विशेष घेऊन त्यांचे नियम बनवले आणि ते लिखित कवितेवर लादले. त्यामुळे अरबी कवितेत नवतेला संशयाने पाहण्याची सवय रुजली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते मार्मिक आहे, पण त्याचा रोख नागर कवीची मुक्तता करण्याकडे आहे. ज्यांच्या कवितेचे नियम बनवले गेले त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न अदोनिस यांच्या मांडणीतही मागे राहतो. नियम बनलेली कविता ग्रंथांत गेली. कविता करणारे माळावर राहिले आणि कविता करीत राहिले. त्यांच्या या नंतरच्या कवितेला मात्र शास्त्रात जागा उरली नाही.

३

इस्लामपूर्व कसीद्याचा घाट नवव्या शतकात इब्न कुतैबा याने वर्णिला तो असा : कवी उठून गेलेल्या मुक्कामाच्या खुणांपाशी थांबतो, प्रियेच्या आठवणीने व्याकूळ होतो, मग उंटावरील खडतर प्रवासाचे वर्णन येते, आणि शेवटी स्तुती. यातील पहिला भाग, म्हणजे 'अत्लाल' किंवा सोडून दिलेल्या तळाचे अवशेष, हा अरबी कवितेतील सर्वांत दीर्घायुषी संकेत आहे. पुढे वाळवंट न पाहिलेल्या दरबारी कवींनीही तो वापरला, आणि काहींनी त्याची टरही उडवली.

या संकेताचा रूढ अन्वयार्थ भग्नावशेषांवरील विलाप असा केला जातो. येथे नगरवासी वाचकाची एक स्वाभाविक चूक संभवते. नगराच्या अनुभवात ओस पडलेले घर म्हणजे आपत्ती : युद्ध, रोगराई, दिवाळखोरी. पशुपालकाच्या अनुभवात ओस पडलेला तळ ही दरवर्षीची गोष्ट आहे. उन्हाळ्यात पाण्याच्या आसऱ्याने वेगवेगळी कुळे जवळ येतात; पाऊस पडून चारा उगवला की पांगतात. तंबू उखडणे यात विनाश नाही; तेच जगण्याचे तंत्र आहे. चुलीचे काळवंडलेले दगड, तंबूभोवती खणलेला पाण्याचा चर, वाळलेली लीद या गोष्टी मृत्यूच्या खुणा नसून एका ऋतूच्या खुणा आहेत. मग शोक कशाचा? ती जागा पुन्हा येईल, पाणीही पुन्हा येईल. पण तीच माणसे पुन्हा शेजारी उतरतील याची खात्री नाही. अत्लालची वेदना वास्तूच्या नाशाची नाही, शेजाराच्या अनिश्चिततेची आहे. हा भेद लक्षात घेतला की या कवितेतील करुण हा गतवैभवाच्या स्मरणरंजनापासून स्पष्टपणे वेगळा होतो.

लबीदच्या सुप्रसिद्ध कसीद्यात पुराच्या लोंढ्यांनी धुऊन उघड्या पडलेल्या तळाच्या खुणांना लेखणीने पुन्हा गिरवलेल्या लिखिताची उपमा दिलेली आहे. मौखिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परंपरेतील कवी ऐन आरंभी लेखनाची प्रतिमा योजतो, हे विचार करण्याजोगे आहे. त्याच्या दृष्टीने जमीन ही एक पृष्ठभूमी आहे व तिच्यावर मजकूर उमटलेला आहे. वारा तो पुसतो, पाणी तो उजळवते, आणि जाणता माणूस तो वाचतो. मागावरून माणूस अथवा उंट ओळखणे ही बेदुइनांची ख्यातनाम विद्या. अरबीत 'अथर' म्हणजे माग, आणि अवशेषही. 'किस्सा' हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ मागोवा घेत जाणे असाही आहे. गोष्ट सांगणे आणि माग काढणे या क्रिया भाषेनेच येथे शेजारी ठेवलेल्या आहेत.

यावरून मौखिक आणि लिखित अशा काटेकोर विभागणीत ही कविता बसत नाही असे म्हणता येईल. तिचा कवी प्रथमतः वाचक आहे. सुझान स्टेटकेविच यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात कसीद्याच्या तीन भागांची सांगड आर्नल्ड व्हान गेनेप यांनी वर्णिलेल्या संक्रमणविधीच्या तीन अवस्थांशी, म्हणजे विलगता, सीमावस्था व पुनःप्रवेश यांच्याशी, घातली. कसीदा म्हणजे विस्कळित चित्रांची माळ, या जुन्या आक्षेपाला त्यामुळे सबळ उत्तर मिळाले. तथापि विधीचा आकृतिबंध सर्वत्र सारखाच असतो; कोणत्या तळाची, कोणत्या कुळाची, कोणाला उद्देशून ही कविता आहे, हे त्यात विरघळून जाते. माग ओळखणे म्हणजे हे पाऊल आहे एवढे सांगणे नव्हे. ते कोणाचे आहे हे सांगणे होय.

४

विसाव्या शतकात या काव्यावर दुसऱ्या प्रकारची तपासणी सुरू झाली. १९२५ साली डी. एस. मार्गोलियथ यांनी आणि १९२६ साली ताहा हुसेन यांनी, इस्लामपूर्व म्हणून मानले जाणारे काव्य बऱ्याच अंशी नंतरच्या काळात रचले गेले असावे, असा पक्ष मांडला. हम्माद, खलफ अल्-अहमर यांसारख्या संकलकांवर बनावटीचे आरोप पूर्वीपासून होतेच. ताहा हुसेन यांचे पुस्तक वादळ उठवून गेले. ते मागे घेतले गेले आणि १९२७ मध्ये सुधारून नव्या नावाने प्रसिद्ध झाले. पुढे मिल्मन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांचा मौखिक रचनेचा सिद्धान्त हाताशी आल्यावर जेम्स मन्रो यांनी १९७२ मध्ये व मायकेल झ्वेट्लर यांनी १९७८ मध्ये तो या काव्यास लावला. शब्दबंधांची पुनरावृत्ती, पाठभेदांची विपुलता ही बनावटीची नव्हे तर मौखिक रचनेची लक्षणे होत, असे त्यांचे म्हणणे.

हा युक्तिवाद बेदुइन काव्याच्या बाजूने केलेला होता, तरी त्याचे एक गृहीतक सदोष होते. युगोस्लाव्हियातील वीरगाथा गाणारा गायक गाता गाता रचतो, म्हणून बेदुइन कवीही तसेच करीत असला पाहिजे, असे ते गृहीतक. साद अल्-सोवयान या सऊदी अभ्यासकाने १९८५ च्या 'नबाती पोएट्री' या ग्रंथात त्याची तपासणी केली ती जिवंत परंपरेच्या आधारे. नबाती म्हणजे अरबी द्वीपकल्पातील बोलीत रचलेली कविता. तिच्यात रचना, प्रसार आणि सादरीकरण या वेगवेगळ्या क्रिया आहेत. कवी एकांतात, वेळ घेऊन, शब्द पारखून कविता रचतो. मग ती पाठ केली जाते आणि त्याच्या नावाने फिरते. निरक्षर असणे म्हणजे अविचारे उत्स्फूर्त असणे नव्हे. लेखणी नसलेला कवीही खाडाखोड करतो. ती मनात करतो, एवढाच फरक. सोवयान यांच्या या प्रतिपादनाने कर्तृत्वाची कल्पना लेखनाच्या मक्तेदारीतून सोडवली, हे त्यांचे महत्त्वाचे कार्य मानले पाहिजे.

याच मुद्द्याचे बीज सहा शतकांपूर्वी इब्न खल्दून याच्या 'मुकद्दिमा'त सापडते. १३७७ मध्ये लिहिलेल्या या ग्रंथाच्या शेवटी त्याने बनू हिलाल टोळ्यांच्या बोलीतील कविता उद्धृत केल्या आहेत. शब्दान्तीची विभक्तिचिन्हे नाहीत म्हणून पंडित या कवितेला हिणवतात. पण विभक्तिचिन्हांचा वक्तृत्वगुणाशी काही संबंध नाही, असे तो ठामपणे सांगतो. ज्या टोळ्यांनी उत्तर आफ्रिकेची नासाडी केली असे तो अन्यत्र म्हणतो, त्यांच्याच कवितेची तो येथे कड घेतो. इतिहासकार म्हणून त्याची दृष्टी नगराची आहे, पण वाचक म्हणून तो नगराच्या बाहेर पडू शकतो. पुढे अरबी विद्याव्यवहाराने त्याचा समाजविचार डोक्यावर घेतला. हे वाङ्मयीन विधान मात्र ग्रंथाच्या शेवटी पडून राहिले. हिलाली महाकथेचेही असेच झाले. ईजिप्तमध्ये ती गाणारे बहुतांशी बेदुइन नसून खेड्यापाड्यांतील हलक्या सामाजिक दर्जाचे व्यावसायिक गायक आहेत; लिखित साहित्याच्या इतिहासात तिला दीर्घकाळ दारात उभे राहावे लागले, आणि युनेस्कोने २००३ साली तिचा गौरव केला तो 'अमूर्त वारसा' म्हणून.

५

बेदुइन कवितेच्या अभ्यासात १९८६ हे वर्ष महत्त्वाचे ठरले ते लीला अबू-लुघोद यांच्या 'व्हेल्ड सेंटिमेंट्स' या पुस्तकामुळे. ईजिप्तच्या पश्चिम वाळवंटातील औलाद अली या समाजात १९७८ ते १९८० या काळात राहून त्यांनी 'घिन्नावा' या लघुगीताचा अभ्यास केला. घिन्नावा म्हणजे जेमतेम एका ओळीची कविता. प्रामुख्याने स्त्रिया व तरुण पुरुष ती म्हणतात. औलाद अलींच्या रोजच्या बोलण्यात मानाची भाषा असते : दुःख झाले तरी ते दाखवायचे नाही, विरहाची फिकीर नाही असे म्हणायचे, अन्याय झाला तर संतापायचे. त्याच व्यक्तीच्या तोंडून त्याच प्रसंगाविषयी जेव्हा घिन्नावा येते तेव्हा तीत हतबलता, ओढ आणि खचलेपण असते. बोलण्यात जे म्हणता येत नाही ते कवितेत म्हणता येते, आणि कवितेचे रूढ शब्द बुरख्याचे काम करीत असल्याने म्हणणाऱ्याचा मान उणावत नाही.

या विवेचनाचे वाङ्मयीन महत्त्व वेगळ्या ठिकाणी आहे. घिन्नावाची ओळ कागदावर उतरवली की ती जवळजवळ मुकी होते. तिच्यात 'मी' कोण, 'तो' कोण, कोणत्या रात्रीनंतर ती म्हटली गेली, हे काहीच नसते. ज्यांना तो प्रसंग ठाऊक आहे अशा चार-दोन जवळच्या बायकांनाच ती पूर्ण कळते. संहितेला स्वयंपूर्ण मानणाऱ्या समीक्षेला ही कविता वाचता येणार नाही. पण प्रसंग सांगितला म्हणजे कविता संपली, असेही नाही. कारण तीच ओळ उद्या दुसरी स्त्री दुसऱ्या दुःखासाठी म्हणते आणि तिच्यात पहिल्या दुःखाचा माग राहतो. अत्लालच्या कवीने तळाच्या खुणा वाचल्या, घिन्नावाच्या श्रोत्या शब्दांच्या खुणा वाचतात. दोन्हीकडे अर्थ ओळखीवर अवलंबून आहे.

अबू-लुघोद यांनी १९९० च्या एका निबंधात आपल्याच पूर्वीच्या भूमिकेची झडती घेतली. अशा कवितेत बंडाचा जयघोष ऐकण्याचा मोह अभ्यासकांनी आवरावा. प्रतिकार कोठे होतो यावरून सत्ता कोठे व कशी वावरते हे वाचावे, असे त्यांनी सुचवले. हा इशारा समीक्षेनेही ध्यानात घेण्याजोगा आहे. सिनाई व नेगेवमधील बेदुइन कवितांचे क्लिंटन बेली यांचे १९९१ चे संकलन मोलाचे आहे, पण त्याच्या उपशीर्षकात कवितेला 'संस्कृतीचा आरसा' म्हटलेले आहे. आरसा स्वतः काही म्हणत नाही. घिन्नावा मात्र संस्कृती जे बोलू देत नाही नेमके तेच बोलते.

आणि ही कविता भूतकाळात थांबलेलीही नाही. २००६ पासून अबू धाबीत 'लाखांचा कवी' अशा आशयाच्या नावाने नबाती कवितेची दूरचित्रवाणी स्पर्धा होऊ लागली. २०१० मध्ये हिस्सा हिलाल या सऊदी कवयित्रीने, बुरख्याआडून, कडव्या फतव्यांवर उघड प्रहार करणारी कविता तेथे म्हटली आणि तिसरे स्थान मिळवले. चार भिंतींआडची, ओळखीच्या श्रोत्यांची कविता अनोळखी लक्षावधींपुढे आली तेव्हा तिने आडपडदा सोडला, पण छंद सोडला नाही. ही परंपरेची मोडतोड नव्हे, तिचा समकालीन वापर आहे. मिर्बदच्या पंडिताला कदाचित ही भाषा बिघडलेली वाटली असती.

६

हे सारे केवळ वाङ्मयेतिहासाचे प्रश्न आहेत, असे समजण्याचे कारण नाही. १८५८ च्या उस्मानी भूमिकायद्यात 'मवात' म्हणजे मृत जमिनीची व्याख्या आहे. वस्तीपासून इतकी दूर की माणसाने मारलेली हाक ऐकू जाणार नाही, ती जमीन मृत. १९२१ मध्ये ब्रिटिश अंमलाने अशा जमिनीवरील दाव्यांच्या नोंदणीस दोन महिन्यांची मुदत दिली. नेगेवमधील बहुतेक बेदुइनांनी नोंद केली नाही. कोणाची जमीन कोठवर हे त्यांच्यात सर्वांस ठाऊक होते. अल्-अराकिब आणि परिसरातील जमिनीवर एका बेदुइन कुळाने सांगितलेला हक्क बीरशेबाच्या जिल्हा न्यायालयाने २०१२ मध्ये व इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये फेटाळला. वादात एक मुद्दा असा होता : तंबूंचा तळ ही वस्ती मानावी काय?

हा प्रश्न अत्लालच्या कवितेतला आहे. उठलेला तळ पाहून कवी म्हणतो, येथे अमुक राहत होते. न्यायालय म्हणते, येथे वस्ती नव्हती. एकाला माग वाचता येतो, दुसऱ्याला दस्तऐवजच वाचता येतो. हाकेच्या अंतरावर जमिनीचे जिवंतपण मोजणाऱ्या कायद्याने ती हाक कोणाची धरायची हे आधीच ठरवून टाकलेले होते.

जॉर्डनमध्ये याची दुसरी बाजू दिसते. पेट्राच्या गुहांतून राहणाऱ्या ब्दूल कुळाला १९८५ च्या सुमारास जवळच्या नव्या वसाहतीत हलवण्यात आले. त्याच वर्षी पेट्रा जागतिक वारसास्थळ झाले. २००५ मध्ये पेट्रा आणि वादी रम येथील बेदुइनांचा 'सांस्कृतिक अवकाश' युनेस्कोने मौल्यवान वारसा म्हणून घोषित केला. माणसे हलवली गेली आणि त्यांचा अवकाश जपण्यालायक ठरला. इब्न जिन्नीने घातलेली अट अजून लागू आहे, असे यावरून म्हणावे लागते : बेदुइनाने न बदलता, दूर आणि शांत राहावे, म्हणजे त्याला मान देता येईल.

समीक्षेला न्यायालयाचा निकाल फिरवता येत नाही. पण 'पुरावा' आणि 'कविता' यांच्या ज्या व्याख्यांवर असे निकाल उभे असतात त्या घडवण्यात तिचा वाटा राहिलेला आहे. लिहिलेले तेवढे निश्चित आणि बोललेले ते संदिग्ध, हे गृहीतक व्याकरणकाराकडून इतिहासकाराकडे आणि इतिहासकाराकडून कायद्याकडे गेले. बेदुइन काव्य नीट वाचणे म्हणजे या गृहीतकाची वाट उलट चालत जाणे होय. सोवयान यांनी दाखवले की अलिखित रचना काटेकोर असू शकते; अबू-लुघोद यांनी दाखवले की एका ओळीचा अर्थ ओळखणाऱ्यांच्या समूहात सुरक्षित राहू शकतो; आणि लबीदने फार पूर्वी दाखवले की जमिनीवरही मजकूर असतो. तो वाचण्यासाठी, येथे कोणीतरी राहत होते आणि त्यांना नावे होती, एवढे प्रथम मान्य करावे लागते.